माणिकचा ‘तुकड्या’ झाला

वर्ध्याहून नागपूरकडे निघालेल्या वाटसरूला वाटेत आमचे सेलू लागते. येथल्या एकादशीच्या भजनात टाळ-मृदंगाच्या जोडीला केव्हा केव्हा खंजिरीही निघते, आणि मग आमच्यातले जुने माळकरी जरा सावरून बसतात. परवा एका पोराने विचारले की, आपण स्वतः पद रचून म्हटले तर चालेल काय? संतवचनावाचून दुसरे प्रमाण न मानणारे आम्ही. चटकन उत्तर सुचेना. तेव्हा श्रीतुकडोजी महाराजांची आठवण झाली.

अमरावती जिल्ह्यातील यावली गावी ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी इंगळे व मंजुळाबाई यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव माणिक. घरी गरिबी, त्यामुळे शाळा प्राथमिक इयत्तांपलीकडे गेली नाही. तेथे गवयापुढे बसून सा-रे-ग-म घोटण्याची गोष्टच कशाला! अभंग ऐकावे, पाठ करावे, आणि म्हणावे, हीच त्यांची गायनशाळा. आपण सारे असेच शिकलो की नाही?

पुढे वरखेडच्या श्रीआडकोजी महाराजांचे पाय लाभले. माणिक त्यांच्यापुढे तुकोबारायांचे अभंग म्हणत असे. सांगतात ते असे की, दुसऱ्याची मुद्रा किती दिवस घेणार, आता आपली घे, असे गुरूंनी सुचविले व भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्या या पोराचे नाव तुकड्या ठेविले. वाचकहो, येथे थांबून पाहावे. पोराने आपण होऊन तुकोबांच्या जागी स्वतःचे नाव घातले असते तर ती उर्मटपणाची गोष्ट झाली असती. नाव मिळाले ते गुरूंकडून, आणि तेही तुकड्याचे! १९२१ साली आडकोजी महाराज समाधिस्थ झाले, तेव्हा शिष्य अवघा बारा वर्षांचा होता. मग रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशा रानांतून त्याची भटकंती झाली.

त्यांच्या रचनेची रीत भजनी मंडळींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या छापील भजनांवर ‘तर्ज’ म्हणून एखाद्या माहीतगार पदाचा निर्देश असतो. म्हणजे चाल लोकांच्या कानांत आधीच बसलेली, शब्द तेवढे नवे. ध्रुपद एकदा ऐकले की शेतावरून आलेला गडीही दुसऱ्या खेपेस ते उचलतो. खंजिरीचेही तेच. एका हाताने धरावी, दुसऱ्याने वाजवावी. पेटी नको, साथीदार नको. अशी मराठी व हिंदी भजने त्यांनी हजारांनी केली.

१९३६ साली गांधीजींनी त्यांना सेगावच्या आश्रमात बोलाविले. हेच पुढे सेवाग्राम झाले, आमच्या जिल्ह्यातले. महाराज तेथे महिनाभर राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर व आष्टी येथे लोक उठले, त्यामागे या खंजिरीचाही आवाज होता असे सरकारला वाटले. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेविले. गाणाऱ्याला आपल्या गाण्याची अशी किंमतही द्यावी लागते. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेसही ते गेले, आणि खंजिरी तेथेही वाजली.

आम्हां वारकऱ्यांना मात्र ग्रामगीतेची गोष्ट अधिक जवळची वाटते. गावाचे रस्ते, सफाई, शिक्षण असले विषय त्यांनी ओवीत घातले. आणि पंढरपुरी चंद्रभागेच्या तीरी बसले असता हे स्फुरण झाले, असे पहिल्याच अध्यायात सांगितले. ओवी तर माउलींची! चाल जुनी, शब्द नवे, ही लहानपणची रीत येथेही सुटली नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेविला.

असो. त्या पोराला आम्ही एवढेच सांगितले आहे की, आणखी शंभर अभंग पाठ कर, मग तुझे पद एखाद्या जुन्या चालीवर बसवून आण. पुढल्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर ऐकू. नाव कोणते घालावयाचे, ते त्या वेळी पाहू.