निकालपत्रातून वगळलेली वाक्ये

आनंद नारायण मुल्ला यांचे नाव उत्तर भारतात उर्दू कवी म्हणून आदराने घेतले जाते. वकीलवर्गात ते पोलीस दलाविषयीच्या एका जळजळीत निरीक्षणामुळे स्मरणात राहिले. पोलिसी अत्याचाराची बातमी आली की ते निरीक्षण अग्रलेखांत हमखास उद्धृत होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते अस्तित्वातच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९६३ मध्ये निकालपत्रातून वगळले.

मुल्ला यांचा जन्म १९०१ मध्ये लखनौतील काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. वडील जगत नारायण मुल्ला हे नामांकित वकील होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर नेमलेल्या हंटर समितीतील तीन भारतीय सदस्यांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासमवेत त्यांचाही समावेश होता. या तिघांनी बहुमताशी फारकत घेऊन स्वतंत्र अहवाल लिहिला आणि पंजाबातील लष्करी कायद्याच्या अंमलावर अधिक कठोर ठपका ठेवला. परंतु समितीचे काम सुरू होण्यापूर्वीच सरकारने अधिकाऱ्यांना कायदेशीर कवच देणारा कायदा संमत करून घेतला होता. डायरला पद सोडावे लागले, खटला मात्र चालला नाही. पुढे याच जगत नारायणांनी काकोरी खटल्यात सरकारची बाजू मांडली. राज्यसंस्थेच्या दोन्ही बाजू मुल्ला यांना अशा घरातच पाहावयास मिळाल्या.

लखनौत दीर्घकाळ वकिली केल्यानंतर १९५४ मध्ये ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. निवृत्तीच्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांच्यासमोर एक फौजदारी अपील आले. आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून तपास करणाऱ्या फौजदाराने खोटा पुरावा तयार केला असावा, असा संशय आल्याने त्यांनी त्या फौजदाराला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याचे स्पष्टीकरण ऐकल्यावर नोटीस मागे घेण्यात आली. त्याच आदेशात मात्र मुल्ला यांनी संपूर्ण पोलीस दलावर शब्दांचा आसूड ओढला. गुन्ह्यांच्या बाबतीत देशातील कोणतीही बेकायदा टोळी या संघटित दलाच्या जवळपासही पोहोचणार नाही, असा त्यांच्या निरीक्षणाचा आशय होता.

उत्तर प्रदेश सरकारने हा शेरा काढून टाकण्याची विनंती केली. उच्च न्यायालयात ती फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारचे म्हणणे मान्य झाले. ज्याच्यावर टीका होते त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली होती का, टीकेला त्या प्रकरणात पुराव्याचा आधार आहे का आणि निकालासाठी ती आवश्यक आहे का, अशा तीन कसोट्या न्यायालयाने घालून दिल्या. एका प्रकरणातील पुराव्यावरून साऱ्या दलाला दोषी ठरवता येत नाही, हे तत्त्व योग्यच होते. न्यायालयीन शेऱ्यांच्या वादांत या कसोट्या आजही लावल्या जातात.

पण या प्रकरणाची गोळाबेरीज पाहावी. संशयित अधिकाऱ्यावरील कारवाई थांबली, दलावरील ठपका पुसला गेला आणि उत्तरदायित्व कोणावरच निश्चित झाले नाही. एका न्यायाधीशाचा संताप संस्थात्मक व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हा याचा खरा धडा आहे.

मुल्ला यांच्या पुढील आयुष्याची दिशाही तीच होती. १९६४ मध्ये त्यांना काव्यासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९६७ मध्ये ते लखनौतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि नंतर राज्यसभेतही गेले. १९८० ते १९८३ या काळात अखिल भारतीय तुरुंग सुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कच्च्या कैद्यांची दुरवस्था, नव्या तुरुंग कायद्याची निकड आणि तुरुंगाच्या भिंतींआडचा कारभार समाजाला दिसण्याची गरज तपशीलवार मांडली.

पोलिसांच्या बाबतीत मात्र ती जागा रिकामीच राहिली. कोठडीत इजा झाल्यास ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, ही विधी आयोगाची १९८५ ची शिफारस कायद्यात उतरली नाही. डी. के. बसू प्रकरणात अटकेसंबंधीचे नियम १९९६ मध्ये आखले गेले. १९९७ मध्ये मुल्ला यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली, पण त्याला अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्ये झाला, परंतु त्याची अंमलबजावणी राज्यांनी मनापासून केली नाही.

मुल्ला यांची वाक्ये वगळण्यास न्यायालयाकडे सबळ कारणे होती. साठ वर्षांनंतरही ती लोकांच्या ओठांवर आहेत, कारण तक्रारदाराला जाण्यासाठी दुसरे विश्वासार्ह दार अजून उघडलेले नाही.