अ‍ॅझाथायोप्रिन तयार करणाऱ्या गर्ट्रूड एलियन

किडनी प्रत्यारोपण झालेल्या किंवा ल्युपसमुळे किडनीला सूज आलेल्या अनेकांच्या चिठ्ठीवर अ‍ॅझाथायोप्रिन असते. हे औषध जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत तयार करणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांचा जन्म १९१८ मध्ये न्यूयॉर्कला झाला.

त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. कर्करोगावर औषध शोधायचे, हे तेव्हाच ठरले. १९३७ मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळाली, पण मुलीला प्रयोगशाळेत घ्यायला कोणी तयार नव्हते. लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची नोकरीही त्यांनी केली. दिवसा शाळेत शिकवून त्या रात्री आणि सुटीत एम.एस्सी.चे प्रयोग करत. लग्न ठरलेला तरुण हृदयाच्या जंतुसंसर्गाने गेला. पेनिसिलिन तेव्हा बाजारात नव्हते. त्यांनी पुढे लग्न केले नाही.

१९४४ मध्ये हिचिंग्ज यांनी त्यांना बरोज वेलकम कंपनीत घेतले. नोकरीसाठी पीएच.डी. सोडावी लागली. पेशींना डीएनए बनवताना चकवणारे ६-मर्कॅप्टोप्युरिन त्यांनी रक्ताच्या कर्करोगासाठी बनवले आणि त्यातूनच अ‍ॅझाथायोप्रिन आले. रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांवर तपासले. १९६२ मध्ये बोस्टनला याच औषधाच्या आधाराने, नात्यात नसलेल्या मृत दात्याची किडनी वर्षभराहून अधिक टिकली. त्याआधी असे प्रत्यारोपण जुळ्या भावंडांपलीकडे क्वचितच यशस्वी होई.

१९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी एक गोष्ट उलगडली. या औषधाचा अंश त्वचेच्या पेशींच्या डीएनएत शिरतो आणि उन्हातले यूव्हीए किरण शोषून तिथेच इजा करतो. शिवाय प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने बिघडलेल्या पेशी सुटून जातात. कर्करोगासाठी सुरू झालेल्या संशोधनातल्या औषधानेच त्वचेचा कर्करोग, विशेषतः स्क्वॅमस सेल प्रकारचा, वाढावा हे मला चटका लावते.

गोऱ्या कातडीच्या लोकांत हा धोका खूप मोठा आहे. आपल्याकडे तो कमी आहे, पण नाही असे नाही. सावळ्या त्वचेत तो ऊन न लागणाऱ्या भागावरही, अगदी जननेंद्रियाजवळही होतो. महिनाभरात न भरणारी जखम, खपली धरणारी गाठ किंवा रक्त येणारा चामखीळ दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, किडनी जाऊ शकते. गोळी बदलायची असेल तर ते नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन वापरा.