उंबऱ्यावर बसून शिकलेले तबीब : अबुल बरकात बगदादी

श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांत माडावरून नारळ सुटला की पोरं बाजूला पळतात. पळायलाच हवं. 20 मीटरवरून सुटलेला नारळ पहिल्या सेकंदात जेमतेम 4.9 मीटर खाली येतो, पण दुसऱ्यात 14.7 मीटर! आपटताना वेग ताशी 70 किलोमीटर. नारळाचं वजन तर तेवढंच राहतं, मग वेग वाढतो का?

याचं नेमकं कारण साडेआठशे वर्षांपूर्वी बगदादच्या एका तबीबाने सांगितलं. नाव अबुल बरकात हिबतुल्लाह. जन्म 1080 च्या सुमारास, मोसलजवळच्या बलद गावी, यहुदी घरात. तबीबी शिकायला ते बगदादला आले, तर तिथले नामांकित उस्ताद यहुदी शागीर्द घेत नसत. अबुल बरकातनी दारवानाशी ओळख केली आणि सुमारे वर्षभर देवडीत बसून आतला सबक ऐकला. एके दिवशी सगळे शागीर्द एका सवालावर अडले. यांनी परवानगी मागून जवाब दिला. मग उस्तादांनीच त्यांना आत घेतलं. पुढे ते खलिफा आणि सेल्जुक सुलतानांचे तबीब झाले. उतारवयात त्यांनी इस्लाम कबूल केला.

त्यांची किताब ‘अल-मोतबर’. अरस्तूच्या मते कायम जोराने कायम वेग मिळतो. अबुल बरकात म्हणाले, नाही. फेकलेल्या दगडाला हात सोडून देतो, म्हणून त्याचा जोर सरत जातो. पडणाऱ्या वस्तूला मात्र तिचं वजन सोडत नाही; ते क्षणोक्षणी नवा ‘मैल’ (अंतराचा नव्हे, अरबीत मैल म्हणजे कल) भरत राहतं, म्हणून वेग चढतो.

गॅलिलिओ, न्यूटनचं सगळं आपणच आधी शोधलं, असे फॉरवर्ड आम्हालाही येतात. ते खरं नाही. वर दिलेले आकडे अबुल बरकातनी काढले नव्हते. त्यामागचा गणिती नियम गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मांडला. पण कारण यांनी ओळखलं होतं, आणि आमच्या मते ते कमी नाही.

अखेरच्या काळात त्यांची नजर गेली. ते बोलत, शागीर्द लिहून घेत. त्यांत इसहाक नावाचा एक यहुदी तरुणही होता. 1165 च्या सुमारास त्यांचं निधन झालं. ‘अल-मोतबर’ तीन खंडांत छापली गेली ती आपल्या शेजारच्या हैदराबादेत, 1939 च्या सुमारास, दायरतुल मआरिफकडून. तेव्हा मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता.