दिवा हाती घेतलेली ती

मोनालिसा म्हटलं की लिओनार्दो आठवतो. पण दिवा हाती घेतलेल्या बाईचं चित्र आपण चंद्रपूरकरांनीही कॅलेंडरवर पाहिलं आणि नाव घेतलं राजा रविवर्म्याचं! रविवर्मा १९०६ सालीच गेले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढलं सावळाराम हळदणकरांनी.

जन्म १८८२, सावंतवाडी. शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली. या चित्रासाठी त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली. जलरंगात चूक झाकता येत नाही. तरी ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपताना दिसतो. १९६८ साली हळदणकर गेले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. नातवंडांना दाखवाल तेव्हा नाव मात्र हळदणकरांचंच सांगा.