सूर्याकडे पाहणारा पंडित

जर्मनीत लाइपझिग म्हणून विद्येचे मोठे पीठ आहे. तेथे गुस्ताव थिओडोर फेख्नर हे पंडित होऊन गेले. मनाच्या व्यापाराला माप लावणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगणार आहोत.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८०१ चा, लुसेशिया प्रांतातील एका खेड्यात. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मूल पाच वर्षांचे असतानाच ते निवर्तले. १८१७ साली वैद्यक शिकायला म्हणून मुलगा लाइपझिगला आला, तो देह पडेपर्यंत तेथेच राहिला. वैद्यकात मन रमेना, म्हणून पदार्थविज्ञान धरले. पोटासाठी फ्रेंच शास्त्रग्रंथांची भाषांतरे केली. १८३४ साली प्राध्यापक झाले. १८३६ साली 'डॉक्टर मिझेस' या टोपणनावाने त्यांनी मरणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. गर्भात अखंड झोप, येथे झोप आणि जाग आळीपाळीने, पुढे अखंड जाग, असे जिवाचे तीन मुक्काम त्यांनी त्यात मांडले.

मग परीक्षा आली. रंगीत काचेतून सूर्याकडे पाहायचे आणि डोळ्यांत मागे उरणारे रंग तपासायचे, हा त्यांचा प्रयोग. १८४० च्या सुमारास डोळ्यांना उजेडच सोसेना. प्राध्यापकी सुटली. अंधारकोठडीत सुमारे तीन वर्षे गेली. अन्न पचेना, मन आवरेना. पत्नी क्लारा तेवढ्या सोबतीला. ऑक्टोबर १८४३ मध्ये मात्र दृष्टी परतू लागली. बागेत पाऊल टाकले, तो फुले आतून उजळल्यासारखी दिसली! तो क्षण ते विसरले नाहीत. वनस्पतींनाही जीव असून जाणीव आहे, असे सांगणारा 'नन्ना' हा ग्रंथ १८४८ साली निघाला. पृथ्वी आणि तारेही सचेतन, असे मांडणारा 'झेंद-अवेस्ता' १८५१ साली. विद्वानांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

पण शरीर आणि मन ही एकाच वस्तूची दोन अंगे, हे नुसते सांगून भागायचे नाही, दाखविले पाहिजे. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना वाट सुचली. त्यांचे गुरुजन वेबर यांनी वजनांचे प्रयोग केलेच होते. फेख्नरांनीही वजने हजारो वेळा उचलून पाहिली. वाचकहो, दोन टाळ वाजत असता तिसरा मिळाला तर कानाला कळतो. दोनशेंत एक वाढला तर कोणाला कळणार? बाहेरचे कारण पटीपटीने वाढावे, तेव्हा आतली जाणीव एकेका पायरीने चढते, हा त्यांचा नियम. १८६० च्या 'मनोभौतिकीची मूलतत्त्वे' या ग्रंथात तो आला. १८७९ साली वुंट यांनी लाइपझिगातच मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तिला हा पाया उपयोगी पडला.

त्याच १८७९ साली, डोळे पुन्हा अधू झालेले असताना, जग अंधारे नसून उजेडाचे आहे हे सांगणारा ग्रंथ या म्हाताऱ्याने लिहिला. १८ नोव्हेंबर १८८७ रोजी ते गेले.

जगाने त्यांचे माप उचलले. ज्यासाठी ते केले, ते बाजूला ठेवले. अमेरिकेतील विल्यम जेम्स यांनी १९०९ साली त्या विचारांची पुन्हा आठवण दिली, एवढेच. त्या मापाने फुलाचा जीव सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याने डोळे गमावून अंधार भोगला, त्यानेच उजेडाची बाजू घेतली, हे विसरून कसे चालेल?