पेटीवाले गोविंदराव टेंबे

आमच्या पांढरकवड्यास एकादशीच्या भजनाला एक तरुण पेटी वाजवायला येतो. दिवसभर कापसाच्या गाड्यांवर राबून रात्री दोन-दोन तास भाता ओढतो. मध्यंतरी तो येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की कोणी चारचौघांत ‘ए पेटीवाल्या’ म्हणून हाक मारली, ती त्याला लागली. प्रथम आम्हांस हसू आले. मग विचार केला, तर पोराचे दुःख अगदीच खोटे नव्हते. टाळ वाजवणारा तो टाळकरी, वीणा घेणारा विणेकरी, मृदंगावर थाप देणारा मृदंगी. आणि पेटी वाजवणारा तेवढा पेटीवाला, जसा भाजीवाला! विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतात, पेटीवाल्याला फार तर चहा विचारतात.

त्याची समजूत घालायला आम्ही त्याला गोविंदराव टेंब्यांची हकीकत सांगितली. तीच येथे वाचकांपुढे ठेवतो.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा. वाढले कोल्हापुरात. पेटीचा नाद लहानपणीच लागला, आणि शिकले ते बहुतेक आपले आपणच. शास्त्रोक्त संगीताची वाट त्यांना कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दाखवली. श्रुतींचा बारकाईने अभ्यास करणारे ते हेच देवल. पुढे भास्करबुवा बखल्यांची गाठ पडली आणि गोविंदराव त्यांच्या साथीला बसू लागले. बुवांना त्यांनी गुरूच मानले. कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांपुढे ते रीतसर शिकायला बसले नाहीत. पण कान उघडे ठेवून त्यांची गायकी त्यांनी मनात साठवली.

साथ ही सोपी गोष्ट नव्हे. गवय्याचा गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. पेटीची पट्टी मात्र दाबली की एकच ठरलेला सूर देते, मधली जागा तिच्यात नाहीच. त्यात गवई पुढे कोणती वाट धरील हे आधी कोणास ठाऊक? त्याच्या मागोमाग जायचे, पण त्याच्या वाटेत यायचे नाही. ज्याला आपलेच वाजवणे ऐकवायची हाव सुटली, त्याच्या हातून साथ होत नाही. हे ज्याने साधले त्याला नुसता पेटीवाला कोण म्हणेल?

पुढे गोविंदरावांचे नाव मोठे झाले. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली गोविंदरावांच्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. तेथून निघून त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्याचे संगीत त्यांचेच, आणि राजा हरिश्चंद्रही तेच झाले. मौज पाहा! जन्मभर दुसऱ्याच्या मागे बसून वाजवणारा माणूस पडद्यावर राजा झाला, आणि राजा तरी कोणता, तर राज्य टाकून डोंबाघरी चाकरी करणारा.

उत्तर आयुष्यात गोविंदरावांनी साथ कमी केली, पेटीचे स्वतंत्र वादनही मागे पडले. त्यांनी ग्रंथ लिहिले, अल्लादियाखाँचे चरित्रही लिहिले. पण पेटीचे हाल त्यांच्या डोळ्यांदेखत झाले. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. कारण दिले गेले, की हे परदेशी वाद्य, आणि आपल्या श्रुती यात निघत नाहीत. ही बंदी तीस वर्षांवर टिकली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव वारले, तेव्हाही ते दार बंदच होते. खेड्यापाड्यांतल्या देवळांत मात्र पेटी वाजतच राहिली. तिला तेथे कोणी परकी म्हटले नाही. मग ती वाजवणाऱ्याला आपणच परका का करावा?

एवढे सांगून झाल्यावर त्या तरुणाला आम्ही विणेकऱ्याकडे बोट दाखवले. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. दुसऱ्याने गळ्यात घेतल्याखेरीज पहिल्याला सुटका नसते. त्याचे वाजवणे कोणी वेगळे ऐकायला येत नाही, तरी पाया त्याच्याच पडतात. तो मान वीणेचा आणि सेवेचा, ‘करी’ या दोन अक्षरांचा नव्हे. साजिंदा म्हणा, वादक म्हणा, पेटीवाला म्हणा. शब्दाला मोल येते ते वाजवणाऱ्याच्या हाताने आणि हाक मारणाऱ्याच्या मनाने. पहिले काम पोराचे, दुसरे आपले.

पुढल्या एकादशीला पोरगा आला. आता मंडळी त्याला नावाने हाक मारतात.