महादेव विश्वनाथ धुरंधर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (जन्म: कोल्हापूर, १८ मार्च १८६७, मृत्यू: १ जून १९४४) हे वास्तववादी शैलीतील मराठी चित्रकार, बोधचित्रकार व कलाशिक्षक होते.

शिक्षण

कोल्हापुरात त्यांना आबालाल रहिमान यांचे मार्गदर्शन लाभले. १८९० साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली त्यांचा अभ्यास झाला. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

रेखाटनाचा सराव

विद्यालयातील शिक्षणात पुतळ्यांवरून काटेकोर रेखांकन करण्यावर भर होता. मात्र स्थिर पुतळा चालत्या माणसाची लकब शिकवू शकत नाही. ही उणीव धुरंधरांनी रस्त्यावरील माणसांच्या रेखाटनांतून भरून काढली. निरनिराळ्या समाजांतील स्त्री-पुरुषांची वेशभूषा, नेसण्याच्या पद्धती, उभे राहण्याची ढब त्यांनी मोजक्या रेषांत टिपली. एस. एम. एडवर्ड्‌स यांचे 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' आणि ऑटो रॉथफील्ड यांचे 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकांतील त्यांच्या चित्रांत हा अभ्यास दिसतो. अनेक व्यक्तींचा समावेश असलेल्या त्यांच्या ऐतिहासिक व पौराणिक चित्रांनाही याच सरावाचा आधार होता.

अध्यापन

शिकलेल्या विद्यालयातच त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. युरोपीय अधिकाऱ्यांकडेच राहिलेल्या संचालकपदाची सूत्रे १९३० मध्ये सांभाळणारे ते पहिले भारतीय ठरले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन आहे. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या.